उंदराचे भाऊबंद

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पूर्वी सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार यायचे. हल्ली कॅपिबारा येतात. ठोकळ्यासारखं तोंड, अर्धवट मिटलेले डोळे आणि 'आमचं काही म्हणणं नाही बुवा' असा चेहरा. गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बुडून बसलेले, शेजारून संत्र्यासारखी पिवळी फळं तरंगतायत. त्याखाली मावशीपासून भाचरांपर्यंत सगळ्यांचं एकच मत, "सोऽऽ क्यूट!" परवा भाचीने विचारलं, "मामा, हा आपल्याकडे का नाही?"

तिला दोन ओळींत उत्तर दिलं, पण विषय काही डोक्यातून जाईना. कारण हा प्राणी आपल्याकडे नसला तरी त्याचे भाऊबंद आपल्याकडे भरपूर आहेत, आणि त्यांच्याशी आपण कसे वागलो याची हकिगत मजेशीर आहे. पुढे पुढे ती तितकीशी मजेशीर राहत नाही. म्हणून हे लांबलचक पुराण. ज्यांना फक्त फोटो बघायचे आहेत त्यांनी इथूनच रजा घेतली तरी चालेल (हलकेच घ्यालच!).

तर आधी पाहुण्याची ओळख. कॅपिबारा हा जगातला सगळ्यात मोठा कृंतक, म्हणजे कुरतडणारा प्राणी. राहणार दक्षिण अमेरिका, नदी-तळ्यांच्या काठी. चांगला ५०-६० किलोंचा भरतो. पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि कुरतडून कुरतडून झिजवावे लागतात, हे सगळ्या कृंतकांचं खानदानी लक्षण. थोडक्यात, आपल्या स्वयंपाकघरात रात्री खुडबुड करणारा जो कोणी आहे, त्याचाच हा दूरचा, खात्यापित्या घरचा नातेवाईक.

पण लिनियसने १७६६ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं ते चक्क डुकरांच्या गोतात घालून. हसू नका. साळिंदराच्या इंग्रजी नावाचा मूळ अर्थ 'काटेरी डुक्कर'. गिनीपिगच्या नावात तर डुक्कर उघडच आहे. आपली जी घूस, तिला इंग्रजीत बँडिकूट म्हणतात, आणि तो शब्द तेलुगूतल्या 'पंदिकोक्कु'वरून गेलाय. त्याचा अर्थ 'डुक्कर-उंदीर'! कुरतडणारा प्राणी जरा जाडजूड निघाला की माणसं त्याला डुक्कर म्हणून मोकळी होतात, मग ती स्वीडनची असोत की आंध्रची.

व्हेनेझुएलात कॅपिबारा खातात. ईस्टरच्या आधीचे जे उपासाचे दिवस असतात त्यात मांस वर्ज्य, पण हा पाण्यात राहतो म्हणून मासा धरून चालतो. (आपल्याकडे बटाटा, रताळं आणि साबुदाणा उपासाला कसे चालतात, हा प्रश्न आपण कधी विचारतो का? तसंच ते.) तिकडे जपानमध्ये इझू इथल्या प्राणिसंग्रहालयात १९८२ सालापासून हिवाळ्यात कॅपिबारांना गरम पाण्यात बसवायला लागले, आणि ते बघायला माणसांच्या रांगा लागल्या. प्राणी तोच, दातही तेच. एकीकडे उपासाचं जेवण, दुसरीकडे जगाचं लाडकं बाळ. गोंडसपणा जर प्राण्याच्या अंगातच असता तर तो व्हेनेझुएलातही दिसायला हवा होता. म्हणजे तो बघणाऱ्याच्या डोळ्यात कुठेतरी असणार.

हे डोळे कसे बदलत गेले ते मला आपल्याच मुलखात बघायचं आहे. माझ्या मामाचं घर खालापूर तालुक्यात, चौकजवळ. अंगणात उभं राहिलं की समोर माथेरानचा डोंगर आडवा पसरलेला. त्या डोंगराच्या पलीकडे नेरळ आणि कर्जत. १८८२ च्या गॅझेटियरात हा मुलूख ठाणे जिल्ह्यात आहे, मग तो कुलाब्यात गेला, आणि १९८१ मध्ये कुलाब्याचं रायगड झालं. जिल्हे बदलले तरी भात, पाऊस आणि उंदीर तेच राहिले.

आजीच्या तोंडी 'क्यूट' नव्हताच, पण 'गोंडस'ही फारसा नव्हता. 'गोजिरं' हा शब्द तिने राखून ठेवला होता तो वासरासाठी आणि नातवंडांसाठी. बाकी प्राण्यांशी तिची नाती होती. चिऊताई, काऊदादा, मनीमावशी, उंदीरमामा. ज्याची भीती वाटायची त्याच्या नावाला मानाने 'बा' जोडायचा. वाघोबा, कोल्होबा. मला वाटतं आपल्या भाषेत प्राण्याला जवळ करायची जुनी रीत हीच होती. चेहरा बघून लाड करायचे नाहीत, त्याला नात्यात घ्यायचं. आणि नातं म्हटलं की भांडण, हक्क, वाटणी हे सगळं आलंच. उंदीरमामाची गोष्ट सांगून झाली की आजी उठून कणगीशेजारी सापळा लावायची, आणि तिला त्यात काहीही विसंगत वाटायचं नाही.

आमच्याच तालुक्यात महडला वरदविनायक आहे, अष्टविनायकांपैकी एक. सुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी १७२५ मध्ये देऊळ बांधलं. गणपती म्हटला की मूषक आलाच. एवढ्या मोठ्या देवाला पाठीवर घेणारा, आणि काही देवळांत ज्याच्या कानात आपण आपलं मागणं सांगतो तो. मूषकाला हळदकुंकू वाहून घरी आलेली माणसं घरच्या उंदराला मारत होती. ही ढोंगबाजी नव्हती. देवाचा उंदीर देवाच्या जागी आणि भातावरचा उंदीर त्याच्या जागी, दोघांची खरी ताकद त्यांना माहीत होती.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला आणि उंदराकडे बघायचा डोळा कायमचा बदलला. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवलं की रोग उंदरावरून माणसाकडे येतो तो पिसवांमार्फत. तोवर मुंबईतून गाड्या भरभरून माणसं बाहेर पडली होती. कर्जतवरून १८५६ पासून रेल्वे जात होती. उंदीर पडला की घर सोडायचं, रानात झोपड्या बांधून राहायचं, हे तेव्हापासून लोकांच्या अंगवळणी पडलं. उंदीरमामाचा यमदूत झाला. मुंबई महापालिकेने रात्री उंदीर मारणारी माणसं नेमली, आणि ते काम पुढे कायमचंच झालं.

पण उंदराकडे बघायचा आणखी एक डोळा होता. तो प्लेगच्याही आधीचा, आणि आमच्या शिवाराबाहेर फारसा कोणाला माहीत नसलेला.

भात कापून, झोडून झालं की दिवाळीनंतरच्या दिवसांत मामाच्या शेतावर कातकरी यायचे. बायका, पोरं, एखादं कुत्रं, हातात पहार आणि कोयता. मामा बांध दाखवायचा, "ह्यो बघा, सगळा पोखरलाय." त्यांना दाखवायची गरज नसायची. बांधावरून चालता चालताच ते ओळखायचे कुठलं बीळ नांदतं आहे आणि कुठलं ओस पडलंय. बिळाला तोंडं अनेक. एक सोडून बाकीची चिखलाने बुजवायची, त्या एकातून धूर द्यायचा, मग खणायला घ्यायचं. आत हातभर खोल एक कोठार असायचं. त्यात भाताच्या लोंब्या अशा नीट रचलेल्या की आजीने कणगीत भात भरावा. शेतातला हा उंदीर घुशीचा धाकटा भाऊ, आणि साठवण करण्यात पटाईत. उंदीर कातकऱ्यांचे, बिळातलं भातही त्यांचं, आणि बांध वाचला म्हणून मामा खूश. कुठे लिहिलेला नव्हता तरी हा करार पक्का होता. ताई, तुला आठवत असेल, आपण दोघं त्या खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसून तासन्‌तास बघायचो. नखाएवढी गुलाबी, डोळे न उघडलेली पिल्लं निघायची तेव्हा तू तोंड फिरवायचीस.

कातकरी हे या डोंगरांचे फार जुने रहिवासी. खैराच्या झाडापासून कात काढायचा हा त्यांचा धंदा, त्यावरूनच नाव पडलं. १८७८ च्या जंगल कायद्याने रानं सरकारी झाली, खैर तोडणं गुन्हा झालं, आणि पोटासाठी उरली ती मजुरी, वीटभट्ट्या, कोळशाच्या भट्ट्या आणि जे मिळेल ते धरून खाणं. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरात त्यांच्या खाण्याची यादी आहे. उंदीर, सरडे, खारी, वानर असं बरंच काही. साहेबाने ती थोडी नाक मुरडूनच लिहिली आहे. पण त्यातच एक नोंद अशी आहे की वाचता वाचता मी थांबलो. तपकिरी तोंडाचं माकड मात्र ते खात नाहीत, कारण त्याच्यात माणसाचा जीव असतो असं ते मानतात.

म्हणजे ज्यांना 'काहीही खाणारे' म्हणून गॅझेटियराने नोंदवलं, त्यांचीही एक रेघ होती. कोणाला खायचं आणि कोण आपल्यातलाच, हे त्यांनीही ठरवलेलं होतं. फक्त ती रेघ चेहऱ्याच्या गोडव्यावर काढलेली नव्हती. ती नात्यावर काढलेली होती, आमच्या आजीसारखीच.

आता डोंगरावर जाऊ, कारण याच सुमाराला तिथे बघण्याची एक नवी तऱ्हा तयार होत होती. मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याचा मुक्काम चौकला होता. एका संध्याकाळी तो समोरचा डोंगर चढायला निघाला, वन ट्री हिलच्या बाजूने वर गेला आणि रामबागच्या बाजूने उतरला. वरची हवा, झाडी, पाणी त्याला इतकं आवडलं की त्याच वर्षी परत येऊन त्याने घर बांधायला घेतलं. माथेरानचा 'शोध' लागला तो असा. (डोंगरावर आणि पायथ्याला ठाकर, धनगर, कातकरी आधीपासून होतेच, पण शोध लागायला साहेब लागतो!) पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनही येऊ लागला, बंगले झाले, आणि डोंगराच्या प्रत्येक कड्याला 'पॉइंट' म्हणायला लागले. पॉइंट म्हणजे काय, तर उभं राहून बघायची जागा. त्या रानात ना गुरं चारायची, ना कात काढायचा, ना शिकार करायची. फक्त बघायचं. पोटाचा प्रश्न सुटलेल्या माणसालाच हे परवडतं.

१८७१ मध्ये जे. वाय. स्मिथ या डॉक्टरने माथेरानवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'माथेरानचा डोंगर : तिथली माणसं, झाडं आणि प्राणी'. पहिल्यांदा वाचलं तेव्हा नाव साधं वाटलं. मग लक्षात आलं, या 'माणसं'मध्ये बंगल्यात उतरणारे साहेब नसणार. म्हणजे ठाकर, धनगर, कातकरी हे झाडं आणि प्राण्यांच्याच रांगेत, बघायची आणि टिपून ठेवायची गोष्ट म्हणून.

त्याआधी एका प्राण्याची नोंद झालेली होती, आणि आपल्या गोष्टीचा नायक म्हणा हवं तर, तो हाच. शेकरू. कर्नल विल्यम साइक्स हा मुंबई सरकारचा आकडेवारी गोळा करणारा अधिकारी. दख्खनभर फिरताना त्याने प्राणी-पक्षीही टिपले, आणि १८३१ मध्ये लंडनला त्याची यादी छापली. त्याची एक चांगली सवय म्हणजे तो मराठी नावंही लिहून ठेवायचा. रानकुत्र्यापुढे त्याने 'कोळसून' असं नाव दिलंय. सह्याद्रीतल्या या मोठ्या खारीला मात्र शास्त्रीय नाव देताना त्याने आपला जुना साहेब, गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, याचं नाव दिलं. माथेरानला आलेला लॉर्ड एल्फिन्स्टन हा त्याचाच पुतण्या. काकाच्या नावाची खार आणि पुतण्याच्या नावाचा पॉइंट, एकाच सह्याद्रीत!

शेकरू ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. घरच्या खारीच्या कितीतरी पट मोठं, वजन दीड-दोन किलो, शेपूट अंगापेक्षा लांब. पाठ तांबूस तपकिरी, पोट पिवळट पांढरं. जमिनीवर सहसा उतरतच नाही. एका झाडावरून दुसऱ्यावर अशी झेप घेतं की खाली उभं असलेल्याच्या पोटात गोळा यावा. उंच फांद्यांवर काटक्या-पानांची घरटी बांधतं, तीही एक नाही, अनेक. दुपारी फांदीवर चारी पाय सोडून पालथं पडतं. आणि हो, दात तेच. शेकरू, खार, साळिंदर, घूस, शेतातला उंदीर, सगळे एकाच घराण्यातले. कॅपिबाराही.

शेकरू वाचलं कसं? आज आपण म्हणू की सुंदर आहे म्हणून, राज्यप्राणी आहे म्हणून. पण हे सगळं अलीकडचं. कर्जत तालुक्यातल्या खांडसवरून गणपती घाटाने किंवा शिडी घाटाने भीमाशंकरला चढून जाणाऱ्यांना माहीत आहे, वरचं रान कसं आहे ते. दिवसा अंधारून येणारी झाडी, एकाची फांदी दुसऱ्यात गुंतलेली. शेकरूला नेमकं हेच लागतं. फांद्यांची साखळी तुटली की त्याचा रस्ताच तुटतो. ही झाडी शेकडो वर्षं राहिली ती मुख्यतः देवामुळे. देवाच्या रानातली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, असा धाक. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांवर लिहिलं, त्यातून बाहेरच्या जगाला कळलं की गावोगाव लोकांनी अशी रानं राखलेली आहेत. भीमाशंकरचं अभयारण्य झालं ते १९८५ मध्ये. पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत ते पसरलंय. त्याच दशकात रेनी बोर्जेस यांनी शेकरू काय खातं, कसं निवडून खातं याचा बारकाईने अभ्यास केला. सांगायचा मुद्दा, शेकरूला 'किती गोड!' म्हणणारे आम्ही पोचायच्या आधी त्याचं घर राखणारे दुसरेच होते. महादेव कोळी होते, ठाकर होते, आणि त्यांना शेकरू गोड वाटत होतं म्हणून त्यांनी रान राखलं नव्हतं. रान देवाचं होतं. शेकरू त्यात आपोआप राहिलं.

मग हा गोडवा आला कुठून? १९४३ मध्ये कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने त्याचा एक हिशेब मांडला. मोठं डोकं, रुंद कपाळ, चेहऱ्यावर जरा खाली असलेले मोठे डोळे, फुगरे गाल, आखूड हातपाय. ही सगळी तान्ह्या बाळाची लक्षणं. ती दिसली की आपल्या आत काहीतरी विरघळतं, मग समोर बाळ असो, कुत्र्याचं पिल्लू असो की बाहुली. निसर्गाने ही सोय केली आपलं मूल आपण जपावं म्हणून. आपण ती जगभर उधळत बसतो. १९७९ मध्ये स्टीफन जे गुल्ड या जीवशास्त्रज्ञाने एक गमतीदार लेख लिहिला होता मिकी माउसवर. १९२८ चा मिकी हा लांब नाकाचा, खोडसाळ, चांगलाच उंदीर दिसणारा उंदीर होता. जसजसा तो लोकांचा लाडका झाला तसतसं त्याचं डोकं मोठं, डोळे मोठे, पाय आखूड होत गेले. गुल्डने चक्क मोजमापं घेऊन हे दाखवलं. म्हणजे उंदीर आवडायला हवा असेल तर आधी त्याचं बाळ करावं लागतं. बिळातल्या उंदराला ही सवलत नाही.

आणि हा फरक फक्त व्हॉट्सअॅपपुरता नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कोणाला किती संरक्षण ते ठरवणाऱ्या अनुसूची केल्या. मोठ्या खारींना, म्हणजे आपल्या शेकरूला, त्यात संरक्षण मिळालं. आणि शेवटी एक पाचवी अनुसूची होती, उपद्रवी प्राण्यांची. तिच्यात कावळे होते, फळं खाणारी वटवाघळं होती, आणि उंदीर होते. यांना कोणीही मारावं. २०२२ च्या दुरुस्तीत ही पाचवी अनुसूची काढून टाकली, पण तोवर पन्नास वर्षं एकाच घराण्यातला एक भाऊ पहिल्या पंगतीला आणि दुसरा उकिरड्यावर अशी कायद्याचीच मांडणी होती. कायदा चुकीचा होता असं मी म्हणत नाही. तो नसता तर शेकरूच काय, रानात काहीच उरलं नसतं. पण कातकऱ्याच्या बाजूने हे वाचून बघा. ससा, साळिंदर, घोरपड, सगळं बंद. बिनधोक खाता येईल असा उरला उंदीर. आणि नेमका तोच उंदीर त्याची लाज झाला.

आमच्या भागातल्या एका शाळेत एक कातकरी मुलगा होता. त्याचं नाव हजेरीपटावर होतं तेवढंच. बाकी सगळे त्याला उंदऱ्या म्हणायचे. चौथीनंतर तो दिसला नाही. भट्टीवर गेला असं कोणीतरी म्हणालं. त्याच वर्गाच्या भिंतीवर मिकी माउस रंगवलेला होता, पिवळे बूट घातलेला. मला हे तेव्हा विचित्र वाटलं नव्हतं, कुणालाच वाटलं नव्हतं. आता वाटतं.

गेल्या वर्षी भाचरांना घेऊन आम्ही कर्जतकडच्या एका फार्मवर राहायला गेलो होतो. तुम्हाला ठाऊक आहेच, हल्ली कर्जत-खालापूरला नदीकाठाने असे शेकड्याने फार्म आणि सेकंड होम झाले आहेत. तिथे मुलांसाठी एका जाळीत ससे, बदकं आणि गिनीपिग होते. मुलं गाजराचे तुकडे भरवत होती, एकाला मांडीवर घेऊन फोटो चालले होते. खरंच फार लोभस प्राणी आहे, मीही घेतला मांडीवर. पेरूसारख्या देशांत हे गिनीपिग हजारो वर्षांपासून खाण्यासाठी पाळतात. तिथे ते आपल्या गावठी कोंबडीसारखे, स्वयंपाकघरातच वावरणारे. कॅपिबाराचे हे सख्खे चुलत. बिळातल्या उंदराशी ठेवून बघितलं तर ओळखू येईल इतपत नातं नक्की.

फार्मच्या तारेच्या कुंपणापलीकडे एक कातकरी वाडी होती. पंधरा-वीस घरं, कुडाच्या भिंती, प्लास्टिकची छपरं. यातली गोम अशी की रायगडमधल्या अशा कितीतरी वाड्यांची जमीन वाडीच्या नावावर नाहीच. पिढ्यान्‌पिढ्या लोक राहतात, पण गावठाण म्हणून नोंद नाही, सातबारा दुसऱ्याच कोणाचा. भातशेतीच्या काळात मालकाला मजूर जवळ हवे होते, त्यामुळे कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. जमिनीला फार्महाउसचा भाव आला आणि कुंपणं पडायला लागली. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी रायगडच्या कातकऱ्यांच्या या उठवणुकीवर आणि त्याविरुद्धच्या धडपडीवर २०१३ मध्ये एक अख्खं पुस्तक लिहिलंय. कुंपणाच्या अलीकडे एक कुरतडणारा प्राणी मांडीवर, आणि पलीकडे दुसरा कुरतडणारा प्राणी ज्यांच्या ताटात होता त्यांच्या पायाखालची जमीन जायच्या बेतात.

असाच एक प्रकार कॅपिबाराच्या देशातही झाला. अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सजवळ दलदलीवर भराव टाकून नॉर्देल्ता नावाची श्रीमंत वसाहत उभी राहिली. २०२१ मध्ये तिथे कॅपिबारा बागांमधून फिरायला लागले, हिरवळ खायला लागले, आणि रहिवाशांनी तक्रारी सुरू केल्या. यावर अर्ध्या देशाने कॅपिबाराची बाजू घेतली, की अहो, घर त्यांचं आहे, तुम्ही मागून आलात! वाचताना मजा वाटली, पटलंही. मग मनात आलं, हेच वाक्य चौक-कर्जतच्या वाडीबद्दल म्हणायला आपल्याला इतका वेळ का लागतो? तिथे संत्रं डोक्यावर ठेवून बसलेलं कोणी नाही म्हणून?

मला कॅपिबाराविरुद्ध काहीही म्हणायचं नाही. ग्रुपवर येऊ द्यात, मी अंगठा वर करीनच. गोंडसपणाचा फायदाही होतो. पोरांना रानाकडे वळवायला शेकरूइतकं चांगलं निमित्त दुसरं नाही. फक्त आपल्याला विरघळवणारं जे काही आहे ते फार थोड्या चेहऱ्यांपुरतंच काम करतं, हे ध्यानात असलेलं बरं. कोणाला जगू द्यायचं, कोणाचं घर राखायचं, कोणाच्या ताटाला नाक मुरडायचं, हे त्याच्यावर सोपवून चालणार नाही. आजीची रीत जुनी होती, पण तिच्यात उंदरालाही मामा म्हणायची सोय होती. आणि बांध खणायला आलेल्या माणसाला ती आधी पाणी विचारायची, मग बिळाचं बोलणं.

या हिवाळ्यात भाचीला घेऊन खांडसवरून भीमाशंकर करायचा विचार आहे. कोणाला यायचं असेल तर कळवा. वर शेकरूची घरटी दिसतीलच, मान दुखेपर्यंत बघू. पण जाताना खाली भात कापलेल्या शेतांतून जाऊ आणि बांधावरची बिळंही तिला दाखवीन, कुठलं नांदतं आणि कुठलं ओस ते ओळखता आलं तर. मला ते नीटसं जमत नाही. मामीला आठवत असेल तर तिने सांगावं, तेव्हा आपल्याकडे खणायला यायचे ते लोक कुठल्या वाडीचे होते? ती वाडी अजून तिथेच आहे का?